आधी बजेट काढा, शीर्षक मागाहून सुचेल

परवा रविवारी सकाळी चौघं जण दारात. वनस्पतिशास्त्राची माझी जुनी विद्यार्थिनी, तिच्याच कॉलेजातले इतिहासाचे सर, समाजशास्त्राच्या मॅडम आणि गणिताला नुकताच लागलेला एक मुलगा. प्राचार्यांनी फर्मान काढलेलं, नॅकची तपासणी येतेय, प्रत्येकाने एक तरी प्रपोजल पाठवा. म्हणून हे लटांबर माझ्याकडे. चौघांची शीर्षकं तयार होती, दोन-दोन ओळींची आणि प्रत्येकाच्या मध्ये एक कोलन. बजेटच्या पानावर मात्र चौघांनीही पेन्सिलीने एकच आकडा लिहिलेला, त्या योजनेत जास्तीत जास्त मिळू शकतो तो.

पोहे होईपर्यंत मी काही बोलले नाही. मग म्हटलं, शीर्षकं ठेवा बाजूला. आधी बजेट काढा.

मी काही वर्षं छाननी समित्यांवर बसले आहे. समोर प्रपोजलांचा गठ्ठा असतो, जेवणाआधी तो संपवायचा असतो. माझ्यासारखे बरेच जण शीर्षक वाचून थेट बजेटचं पान उघडतात. प्रवास एक लाख, आकस्मिक खर्च एक लाख, उपभोग्य वस्तू दोन लाख, असे गोल आकडे दिसले की कळतं, या माणसाने अजून कामाचा पहिला दिवससुद्धा डोळ्यांसमोर आणलेला नाही. उलट एकीने लिहिलं होतं, साताऱ्याहून कासला बारा फेऱ्या, जाऊन-येऊन 50 किलोमीटर, जीपचं भाडं इतकं, वर स्थानिक वाटाड्याची मजुरी. आकडा वेडावाकडा होता, सत्तेचाळीस हजार आणि वर काहीशे. पण तिला बाराच फेऱ्या का, हे ठाऊक होतं. तिचं प्रपोजल पंधरा मिनिटांत मंजूर झालं.

बजेट आधी काढलं की कामाची हाडं दिसतात. कुठे जायचं, कितीदा, कोणाला बरोबर न्यायचं, आणलेला माल कुठे ठेवायचा, तो बघणार कोण. हे लिहून झाल्यावर उद्दिष्टं आपोआप कमी होतात. चौघांच्याही कागदावर सहा-सहा उद्दिष्टं होती. तीन पुरेत. तीनसुद्धा दोन वर्षांत होत नाहीत, हा माझा अनुभव.

आता प्रत्येकाचं वेगळं बघू, कारण सगळ्या विषयांना पैसा सारख्या जागी लागत नाही, आणि हे फॉर्म बनवणारे बहुतेक करून प्रयोगशाळेतले असतात. त्यांच्या रकान्यांत स्वतःला कोंबायला गेलात तर नको ते मागून बसाल.

आधी माझी मुलगी. (विद्यार्थिनीच, पण मी तिला तसंच म्हणते.) हिला हवं होतं एचपीएलसी. सड्यावरच्या वनस्पतींचा अर्क काढून तपासायचा म्हणे. अगं, त्या यंत्राला एसी खोली लागते, यूपीएस लागतो, शुद्ध सॉल्व्हंट लागतात, कॉलम खराब होतो, आणि वॉरंटी संपली की दरवर्षी देखभालीचा करार, एएमसी. ते पैसे प्रकल्प संपल्यावर कोण देणार? एका कॉलेजात मी असं एक यंत्र थर्मोकोलच्या खोक्यात दोन वर्षं बसलेलं पाहिलं आहे, कारण खोलीत हवी तशी वीज नव्हती. वर 2022 च्या जुलैपासून संशोधन संस्थांना मिळणारी 5 टक्के जीएसटीची सवलत गेली. त्यामुळे बजेटमध्ये 18 टक्के धरले नाहीत तर यंत्र येण्याआधीच पैसे कमी पडतात. त्यापेक्षा नमुने तपासून आणण्याचा खर्च माग. आयआयटी मुंबईत सैफ नावाची सुविधा आहे, तिथे बाहेरच्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासतात. आय-स्टेम नावाच्या पोर्टलवर देशभरातली अशी यंत्रं शोधता येतात. समितीलाही असं मागणं आवडतं, कारण त्यांनी दिलेली यंत्रं कुठे कुठे धूळ खात पडली आहेत हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

तुझा खरा खर्च वेगळाच आहे, आणि तो तू मागितलेलाच नाहीस. वेळ. कासचा सडा ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत फुलतो. मंजुरीचं पत्र आलं डिसेंबरात, तर पहिला हंगाम गेला. मंजुरीच्या तारखेआधी केलेला खर्च कोणी देत नाही. म्हणून वेळापत्रकात जून, जुलै अशी नावं घालू नकोस. महिना 1 ते 6, महिना 7 ते 12 असं लिही, आणि खाली एक ओळ टाक की मंजुरी हंगामानंतर आली तर पहिले सहा महिने पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या आणि आघारकर संस्थेच्या हर्बेरियममधले जुने नमुने पाहीन. ही एक ओळ वाचून तुझ्यावर विश्वास बसतो. आणि कृपा करून कारवी घेऊ नकोस. कारवी फुलते सात-आठ वर्षांनी एकदा, प्रकल्प असतो तीन वर्षांचा. मी घेतली होती. तिसऱ्या वर्षाच्या अहवालात पानांची लांबी-रुंदी लिहून वेळ मारून नेली. वन खात्याची परवानगी आधी काढ, सड्यावरून काडीही उचलायच्या आधी. त्या अर्जाला लागणारे महिनेसुद्धा वेळापत्रकात धर.

हंगामाची हीच गोष्ट समाजशास्त्राच्या मॅडमनाही लागू. त्यांना बीडच्या ऊसतोड कामगारांवर काम करायचं आहे, आणि त्यांनी सर्वेक्षण ठेवलंय नोव्हेंबर ते फेब्रुवारी, गावात. अहो मॅडम, त्या महिन्यांत गावात म्हातारी माणसं आणि कुलपं भेटतील! टोळ्या दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. म्हणजे मुलाखती फडावर, कोप्यांमध्ये घ्याव्या लागतील, तेही संध्याकाळी उशिरा, मोळ्या भरून गाडी गेल्यावर. बाई पहाटे उठून तोडीला जाते, तिच्याकडे तुमच्या चाळीस पानी प्रश्नावलीला वेळ नाही. मग प्रश्नावली लहान होईल, दोन मुली सर्वेक्षक म्हणून लागतील, त्यांच्या रात्रीच्या परतीसाठी गाडी लागेल. बघा, एक प्रश्न विचारला आणि बजेटचे चार रकाने बदलले. एसपीएसएसचा परवाना मात्र घेऊ नका. तुमच्या तीनशे नोंदींना फुकटातलं आर पुरतं, आणि शिकवायला हा गणिताचा मुलगा आहेच.

यांनी दार ठोठावावं ते आयसीएसएसआरचं, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचं. 1969 साली ती परिषद उभी राहिली, त्यात आपल्या जे. पी. नाईकांचा मोठा हात. पश्चिम विभागाचं केंद्र मुंबई विद्यापीठात कलिन्याला आहे. एकदा जाऊन या. फोनवर न समजलेल्या गोष्टी टेबलासमोर बसून दहा मिनिटांत समजतात. नीतिसमितीची मान्यता आणि संमतिपत्राचा मराठी मसुदा जोडायला विसरू नका. ज्याला वाचता येत नाही त्याची संमती कशी घेणार तेही लिहा. अंगठा घेतला म्हणजे संमती झाली असं समजणारे बरेच आहेत.

इतिहासाचे सर गप्प बसले होते. त्यांना वाटत होतं, आपल्याला पैसे लागतातच कशाला, आपण आपले दफ्तरात बसून वाचणार. म्हणून त्यांनी लॅपटॉप, प्रिंटर, स्कॅनर मागितला होता, काहीतरी मागायचं म्हणून. मी विचारलं, पुण्यात पेशवे दफ्तरात बसणार ना? राहणार कुठे? मोडी तुम्ही स्वतः सराईतपणे वाचता का? ते म्हणाले, छापल्यासारखं असेल तर वाचतो. म्हणजे घाईघाईत लिहिलेला हिशेबाचा कागद नाही वाचता येणार. मग जाणकार मोडी वाचकाचं मानधन, लिप्यंतराचा पानी दर, प्रतींचं शुल्क आणि पुण्यातलं तीन महिन्यांचं राहणं, हे तुमचं खरं बजेट. 'मोडी वाचक' असा रकाना फॉर्मात नसतो. सेवांचा खर्च किंवा मानधन या रकान्यात घाला आणि दोन ओळींत कारण द्या. राहण्याचे पैसे मागायला लाजू नका. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम 1919 साली हाती घेतलं, ते 1966 ला पुरं झालं. त्या कामाला औंधच्या राजांनी पैसे दिले, हैदराबादच्या निजामानेही दिले, आणि निजामाच्या देणगीतून तिथे अतिथीगृह बांधलं गेलं. ते अजून उभं आहे. अभ्यासकाला पाठ टेकायला जागा लागते, हे त्या काळच्या लोकांना कळत होतं. सत्तेचाळीस वर्षं चालणाऱ्या कामाला आज कोण पैसे देईल, हा प्रश्न मी सरांना विचारला नाही.

गणिताचा मुलगा सगळ्यात सुखी. त्याला कागद, पेन्सिल आणि बोलायला दुसरा गणिती हवा. त्याच्यासारख्यांसाठी मॅट्रिक्स नावाची योजना निघाली होती, वर्षाला 2 लाख, तीन वर्षं. सर्ब म्हणायचे त्या मंडळाची. 2023 च्या कायद्याने आता त्याची जागा एएनआरएफने, म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली आहे. योजनांची नावं आणि रकमा बदलत असतात, म्हणून मित्राच्या जुन्या प्रपोजलवरून नक्कल मारू नका, चालू वर्षाची मार्गदर्शक तत्त्वं उतरवून घ्या. त्याला मी टेअरचंही सांगितलं. कॉलेजातल्या शिक्षकाने नोकरी न सोडता वर्षातला काही काळ आयआयटीसारख्या संस्थेत जाऊन काम करायचं, अशी ती योजना. गणितवाल्याला पैशापेक्षा हे जास्त उपयोगी. मात्र तिथल्या माणसाला आधी पत्र लिही, त्याचे दोन तरी पेपर वाचून. 'आदरणीय सर, मला आपल्या मार्गदर्शनाखाली' असली पत्रं त्यांना रोज येतात.

एवढं झालं मिळवण्याचं. सांभाळण्याचं सांगायला मला जास्त वेळ लागला, आणि चहाही दुसऱ्यांदा झाला.

मंजुरीचं पत्र आलं की पेढे वाटायच्या आधी ते तीनदा वाचा. कोणत्या हेडखाली किती, ते हेड बदलता येतं का, कोणाच्या परवानगीने, प्रकल्प कोणत्या तारखेपासून मोजायचा. मग त्या पत्राची प्रत घेऊन अकाउंट्सच्या भाऊसाहेबांकडे जा. प्राचार्यांकडे मागाहून गेलात तरी चालेल. मी हे उगाच म्हणत नाही. प्राचार्य बदलतात, भाऊसाहेब तिथेच असतात. त्यांना पहिल्या दिवशी समजावून सांगा की तुमच्या प्रकल्पाचं कॅशबुक वेगळं, यंत्राचं हेड वेगळं आणि चालू खर्चाचं वेगळं, व्याजाची नोंद वेगळी. अनुदानावर मिळालेलं व्याज तुमचंही नसतं आणि कॉलेजचंही नसतं. ते भारतकोशवरून सरकारला परत करावं लागतं. हे न कळल्याने किती जणांचे शेवटचे हप्ते अडकले, त्याची मोजदाद नाही.

ओव्हरहेडवरून प्राचार्यांशी भांडू नका. ते पैसे संस्थेचेच. त्यातून तुमच्या खोलीचा पंखा दुरुस्त करून मिळाला तर समाधान माना.

खरेदी मात्र स्वतः शिका. 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत 25,000 पर्यंत कोटेशनशिवाय आणि पुढे 2.5 लाखांपर्यंत तिघांच्या स्थानिक खरेदी समितीकडून, असं होतं. नंतर मर्यादा वाढल्या. आपल्याला कोणतं परिपत्रक लागू ते विचारून त्याची प्रत फायलीत सर्वात वर लावा. जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर आधी शोधा. तिथे नाही मिळालं तर 'मिळालं नाही' याचाही कागद ठेवा. तीन कोटेशनं मागवाल तर ती तीन वेगळ्या दुकानांची असू द्या. एकाच दुकानदाराने तीन लेटरहेडवर दिलेली कोटेशनं मी पाहिली आहेत, तिन्हींत 'रिफ्रेक्टोमीटर'चं स्पेलिंग सारखंच चुकलेलं. ऑडिटरला विज्ञान कळत नसेल, चुकलेलं स्पेलिंग बरोबर कळतं.

मार्चचं भय घ्या. आता बराच पैसा शून्य शिलकीच्या खात्यातून येतो, मर्यादा दिलेली असते आणि 31 मार्चला न वापरलेली मर्यादा परत जाते. पूर्वी पैसे बँकेत पडून राहायचे, तो काळ गेला. दसऱ्याच्या सुमाराला ऑर्डर गेली नसेल तर ती वस्तू या वर्षात आली नाही असं समजा. आणि मार्चमध्ये उरलेले पैसे संपवायला टोनर आणि पेनड्राइव्ह घेऊ नका, ती यादी अहवालात फार केविलवाणी दिसते.

आता माणसाचं. प्रोजेक्टवर जेआरएफ, म्हणजे फेलोशिपवरचा संशोधक विद्यार्थी, घ्याल. 2023 च्या जानेवारीपासून नेट-गेट झालेल्यांना 37,000 आणि घरभाडे असा दर आहे, सामाजिक शास्त्रांत योजनेप्रमाणे कमी-जास्त. मुलाखतीच्या दिवशीच त्या मुलाला सांगा की पैसे दर महिन्याला येतीलच असं नाही. पहिला हप्ता संपला, यू.सी. (तिचं पुढे सांगते) गेली, ती तिकडे कोणाच्या टेबलावर राहिली, की सहा-सात महिने हातात काही येत नाही. माझ्याकडच्या एका मुलाने त्या दिवसांत खानावळीचे पैसे मित्रांकडून उसने घेतले होते आणि मला ते दीड वर्षांनी कळलं. तेव्हापासून पहिल्या हप्त्यातला इतर खर्च मी हात आखडून करायचे आणि फेलोशिपचे महिने आधी बाजूला काढायचे. तुमच्या जेआरएफची पीएच.डी.ची नोंदणी आणि प्रकल्पाची मुदत जुळते का ते पाहा. आणि त्याला तुमची पेपर तपासणी, घरचं लाइटबिल, मुलाला शाळेतून आणणं, यातलं काहीही सांगायचं नाही. यावर चौघंही जरा जास्तच जोराने मान हलवू लागले, तेव्हा मला कळलं, यांनी हे सगळं भोगून झालेलं आहे.

यू.सी. म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. 2017 च्या नियमांपासून त्याचा नमुना 12-ए. त्याआधी 19-ए होता, आणि काही कार्यालयांतल्या संगणकांत अजून तोच सापडतो. तो भरून पाठवला की तीन महिन्यांनी परत येतो. यंत्रांची यू.सी. वेगळी, चालू खर्चाची वेगळी. आता माझी चूक सांगते. दुसऱ्या प्रकल्पात माझे प्रवासाचे पैसे जानेवारीतच संपले, आकस्मिक खर्चात शिल्लक होती. मी तिकडचे 11,400 रुपये इकडे वापरले. बिलं खरी होती, फेऱ्या खऱ्या होत्या, नमुने कपाटात होते. परवानगीचं पत्र तेवढं नव्हतं. लेखापरीक्षणात तो खर्च नामंजूर झाला आणि मी ते पैसे पगारातून भरले. नवऱ्याने विचारलं, सरकारने तुला पैसे दिले की तू सरकारला? एका पानाचा ईमेल पाठवला असता तर परवानगी मिळाली असती, बहुतेक आठवड्यात. पण मार्च होता आणि मला हंगाम गाठायचा होता.

नकार आला तर काय, असं गणिताच्या मुलाने विचारलं. येतोच. परीक्षकांचे शेरे मागवून घे, आठ दिवस उघडू नकोस, मग उघड. त्यातले निम्मे तुझं प्रपोजल न वाचता लिहिलेले असतील. उरलेल्या निम्म्यांत एखादा असा निघतो की त्या माणसाने तुझी अडचण तुझ्याआधी ओळखलेली असते. पुढच्या वेळी त्याचं उत्तर पहिल्याच पानावर दे. आणि मोठ्या रकमेवरच डोळा ठेवू नका. पूर्वी पुणे विद्यापीठात बीसीयूडी या मंडळाचं छोटं अनुदान असे, कॉलेजच्या शिक्षकांना ते सहज मिळे. 2016 च्या कायद्याने बीसीयूडी गेलं, पण विद्यापीठांच्या आपापल्या लहान योजना असतात. माझा पहिला मायनर, म्हणजे लघु संशोधन प्रकल्प, 25,000 रुपयांचा होता. त्यात दोन प्लँट प्रेस, वाळवणीचे कागद, एक भिंग आणि लाल डब्याच्या एसटीची तिकिटं बसली. त्याचा हिशेब नीट गेला म्हणून पुढचा प्रकल्प मिळाला, हे मला त्या समितीवरच्या एका गृहस्थांनी पुढे कधीतरी सांगितलं.

निघताना माझी विद्यार्थिनी म्हणाली, मॅडम, डेड स्टॉक रजिस्टरचं राहिलं. खरंच राहिलं होतं. वस्तू आली की त्याच दिवशी डेड स्टॉकला चढवायची, पान क्रमांक आणि अनुक्रमांक बिलाच्या मागे लिहायचा, वस्तूवर रंगाने टाकायचा. मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाल्यावर एका दुपारी कॉलेजातून फोन आला. तपासणीचे लोक आले होते, प्लँट प्रेस नग दोन रजिस्टरात आहेत, जागेवर एकच आहे. मी म्हटलं, हर्बेरियमच्या कपाटामागे माळा आहे, त्यावर जुन्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली बघा, पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर टाकलेला आहे. फोन चालू ठेवून शिपाई शिडी घेऊन चढला. पलीकडून धूळ झटकल्याचा आवाज आला, मग शिंक, आणि मग तो नंबर वाचू लागला.